गेले, आहेत आणि बहुधा

कोणताही चित्रपट जन्मतः अभिजात नसतो. आधी तो नवा असतो, मग चालतो किंवा पडतो, मग जुना होतो. इथवर त्याला कोणाच्या मदतीची गरज लागत नाही. अभिजात होण्यासाठी मात्र त्यात काम केलेल्या माणसांना थोडे कष्ट घ्यावे लागतात. त्यांना मरावे लागते.

ही व्याख्या माझी नाही. समीक्षेच्या पुस्तकांतही ती सापडणार नाही, कारण ती पुस्तके लिहिणाऱ्यांनी चित्रपट अंधारात, गप्प बसून पाहिलेले असतात. ही व्याख्या पेण–रोहा जुने चित्रपट रसिक मंडळाची आहे, आणि मंडळाने आपले सर्व चित्रपट रविवारी, भर उजेडात, टीव्हीवर, जेवण झाल्यावर, पंख्याखाली बसून आणि सतत बोलत पाहिलेले आहेत. अशा पाहण्यातून जे ज्ञान मिळते ते गप्प बसणाऱ्यांना मिळत नाही.

मंडळाची स्थापना आमच्या पेणच्या घरी झाली. संस्थापक आणि अंतिम निर्णय देणारे अधिकारी माझे वडील, विष्णू सर. त्यांनी शाळेत आयुष्यभर इतिहास शिकवला. कोण कधी गेले हे इतिहासाच्या शिक्षकाला माहीत असावेच लागते, त्यामुळे त्यांची निवड बिनविरोध झाली. रोहा शाखेचे प्रमुख बाबाजीकाका. घर रोह्यालगतच्या अष्टमी गावात, आणि सगळी नोकरी कंपनीत, शिफ्टमध्ये. शिफ्टमुळे तरुणपणी त्यांनी प्रत्येक चित्रपटाचा एकतर पूर्वार्ध पाहिला किंवा उत्तरार्ध, आणि त्या बळावर ते दोन्हींविषयी अधिकाराने बोलतात. दर रविवारी ते गाडीने पेणला येत. (रोहा शाखेत त्यांच्याशिवाय दुसरा सभासद नाही. त्यामुळे त्या शाखेत आजवर एकही भांडण झालेले नाही.) तिसऱ्या सभासद शेजारच्या सरूताई. त्यांच्या घरचा गणपतींचा कारखाना आहे. हंगामात त्या हाताला लागलेल्या सोनेरी रंगासकट येऊन बसत, आणि आमच्या सोफ्याच्या डाव्या हाताला आजही थोडे देवत्व आहे.

आईचे नाव सभासदांत नव्हते. ती स्वयंपाकघराच्या दारात, चौकटीला टेकून, काहीतरी निवडत उभी राहायची. मात्र मंडळाचे सगळे प्रश्न तीच विचारायची. मंडळाकडे फक्त उत्तरे होती.

कामकाजाची पद्धत साधी होती. पडद्यावर चेहरा आला की दारातून प्रश्न यायचा.

"हा आहे का हो?"

"गेला," बाबा मान न वळवता म्हणायचे.

"कधी?"

"झाली बरीच वर्षं."

"अगं बाई. आणि ही?"

"ही आहे. मुलीकडे असते."

"हिची एक बहीण होती ना, ती पण काम करायची."

"ती गेली."

मग पुढचा चेहरा येईपर्यंत चित्रपटाला चालू राहण्याची मुभा असे.

(नटनट्यांचा उल्लेख मंडळात एकेरी होतो. त्यात अनादर नाही. देवालाही आपण अरे-तुरेच करतो. घरच्या माणसाला 'गेले' म्हणायचे असते, हे मला यंदा कळले.)

कालांतराने निर्णयांचे तीन वर्ग पडले: गेले, आहेत आणि बहुधा. पहिल्या वर्गाला पुरावा लागतो, आणि तो सहज मिळतो, कारण माणूस गेला की वर्तमानपत्र त्याचा फोटो छापते. दुसऱ्या वर्गाची अडचण अशी की अमुक एक नट काल दिवसभर जिवंत होता, अशी बातमी कोणीच छापत नाही. त्यामुळे आपल्याकडे जिवंत असणे सिद्ध करणे फार कठीण होऊन बसते. (पेन्शनवाल्यांना हे वेगळे सांगायला नको.) जे दोन्हीकडे बसत नाहीत ते 'बहुधा'. हा शब्द मंडळात आवाज उतरवून उच्चारला जातो, आणि त्यानंतर सरूताई पोहे घेतात.

मंडळाच्या निरीक्षणानुसार नायकांपैकी सुमारे सत्तर टक्के गेले. नायिका चिवट असतात. खलनायक सर्वांत जास्त टिकतात. या विषयाचा स्वतंत्र अभ्यास झाला, पण निष्कर्ष लहान मुलांसमोर मांडण्यासारखा नसल्याने तो मागे घेण्यात आला. नायकाची आई पडद्यावर मध्यंतराच्या आत खोकून मरते, मात्र निम्म्याहून अधिक प्रकरणांत ती प्रत्यक्षात मुलानंतरच गेलेली आढळते. डॉक्टरचे काम करणारे नट सगळ्यांत आधी गेले. त्यांच्याविषयी मंडळाला विशेष सहानुभूती आहे.

काही गुंतागुंतीच्या प्रश्नांवर बाबांनी दिलेले निकाल आजही प्रमाण मानले जातात. दुहेरी भूमिका केलेला नट एकदाच गेला असे धरावे. हत्ती, कुत्रे, घोडे यांची चौकशी करत बसू नये, ते गेलेच. नायकाचे बालपण रंगवणारे पोर हा अभिजाततेतला सर्वांत मोठा अडथळा होय. चित्रपटातले सगळे मोठे एकेक करून आपले कर्तव्य पार पाडतात आणि ते पोर, पहिल्या दहा मिनिटांत एकदा गोट्या खेळून आणि एकदा आईला हाक मारून, पुढे सत्तर वर्षे ठणठणीत राहते.

चुका झाल्या नाहीत असे नाही. एकदा सरूताईंनी आणलेल्या बातमीवरून मंडळाने एका खलनायकासाठी उभे राहून शांतता पाळली. टीव्ही चालूच होता. शांतता संपायच्या आत जाहिराती लागल्या आणि त्यात तोच खलनायक गुडघेदुखीच्या तेलाची बाटली हातात धरून, हसत, जिना चढून वर गेला.

"आता?" बाबाजीकाकांनी विचारले.

"जाहिरात जुनी असेल," बाबा म्हणाले. "खाली बसू नका. सुरू केलेली शांतता मध्येच सोडता येत नाही."

मोबाइलमध्ये बघून उत्तर देणे ही कॉपी मानली जाते. मी एकदा ती केली. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला, माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "तनया, उत्तर बरोबर आहे. गुण मिळणार नाहीत."

मंडळाच्या इतिहासातले सर्वांत नाजूक प्रकरण गडब गावचे. फार पूर्वी एक चित्रपट कंपनी पेणच्या पुढे भाताच्या शेतांत चित्रीकरणाला आली होती. त्या चित्रपटात भातलावणीचे एक गाणे आहे. रोपे लावणाऱ्या बायका सगळ्या त्याच गावच्या, आणि मधे नायिका, पायाला चिखल लागू नये अशा बेताने. हा चित्रपट अभिजात होण्याच्या अगदी उंबरठ्यावर होता. नायक, नायिका, दिग्दर्शक, विनोदी नट, सावकार, सगळे झाले होते. बाबा घोषणा करायला उभे राहिले आणि तेवढ्यात गाण्यात एक बाई मान वर करून कॅमेऱ्याकडे बघून हसली.

"अगो, ही तर बायजा!" सरूताई ओरडल्या. "गडबची. माज्या आत्येच्या शेजारची."

"गेली?" बाबांनी आशेने विचारले.

"कुठची जाते! परवा बाजारात भेंड्या विकत होती."

बाबा खाली बसले. एक माणूस कमी पडत होते.

अशा वेळी प्रत्यक्ष पाहणी करणे भाग असते. पुढच्या रविवारी मंडळ डझनभर केळी घेऊन गडबला गेले. मला बरोबर नेले, कारण केळी जड होती. बायजाआजी ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या.

"कोन गो तुमी? निवडनुकीचे का?"

"नाही आजी," बाबा म्हणाले. "तब्येतीची चौकशी करायला आलो. कशी आहे?"

"बरी हाय. का?"

"सहजच. बीपी वगैरे?"

"नाय."

"साखर?"

"चायमदी घालते. तुमाला हवी काय?"

"गुडघे तरी दुखत असतील," बाबाजीकाका पुढे सरकत म्हणाले.

"दुखतात ना. पावसाल्यात."

"लय दुखतात?"

"नाय रे. चालते मी पोयनाडपरयंत."

बाबाजीकाकांचा चेहरा उतरला. बाबांनी अखेर केळी पुढे ठेवली आणि खरे काय ते सांगितले: तो चित्रपट, ते गाणे, आणि त्यातले सगळेच कसे गेले. आजींनी वाल निवडायचे थांबवले.

"ती गोरी बाई पन?"

"ती पण."

"अगो माय. तिला इंचवाची लय भीती. सारकी माज्या मागं लपायची." मग म्हणाल्या, "म्हंजे आता तो सिनेमा माज्या एकटीचा झाला?"

मंडळाने एकमेकांकडे पाहिले. या बाजूने कोणी विचार केला नव्हता. पण तर्कात खोट काढता येईना.

"व्हय," बाबाजीकाका म्हणाले. "तसाच म्हनायचा."

"मंग मला इचारल्याबिगर लावायचा नाय."

तेव्हापासून तो चित्रपट वाहिनीवर लागला की सरूताई आधी गडबला फोन करतात. "बायजे, लावू काय गो?" परवानगी आजवर एकदाही नाकारली गेलेली नाही; माझे तोंड दिसले की आवाज मोठा करा, एवढीच अट असते. वाहिनी हा चित्रपट आजींना न विचारता दाखवते, याची मंडळाला कल्पना आहे, पण वाहिनीचा कारभार मंडळाच्या हातात नाही.

परतताना रिक्षात बाबा आजींनी दिलेली वालांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पेणच्या वेशीवर आल्यावर म्हणाले, "एखादी अशी राहायला हवी."

यंदा चैत्रात विष्णू सर गेले.

मंडळाच्या दृष्टीने ही अडचण दुहेरी होती. निर्णयाधिकाऱ्याचे पद रिकामे झाले, आणि ते रिकामे झाल्याचा निर्णय द्यायला निर्णयाधिकारी नव्हता. आदल्या रविवारी दवाखान्यातल्या टीव्हीवर जुना चित्रपट लागलेला होता. आईने सवयीने विचारले, "हा आहे का हो?" बाबांचे डोळे मिटलेले होते. केवळ आवाजावरून त्यांनी सांगितले, "गेला." मी नंतर तपासले. बरोबर होते.

भेटायला येणाऱ्यांनी तो शब्द टाळला. आपल्याकडे या कामासाठी फार चांगली सोय आहे. लोक 'असं झाल्यावर' म्हणतात, 'त्यानंतर' म्हणतात, 'सर असते तर' म्हणतात. बँकेतल्या बाईंनी 'तुमच्याकडे जे काही झालं ते' असे म्हटले आणि फॉर्म पुढे केला. मीही टाळला. आईने तर तो एकदाही उच्चारला नाही. ती बोलायची थांबली असे नाही. दूध आले का, गॅस बंद आहे का, सगळे बोलायची. बाबांविषयी बोलायची नाही आणि रडायचीही नाही. माझा भाऊ निमिष पुण्याहून रोज फोन करून विचारायचा, "रडली का?" मी "नाही" म्हणायची. आमचे डॉक्टर म्हणाले, असे आत धरून ठेवणे बरे नाही, त्यांना बोलते करा. कसे, ते त्यांनी लिहून दिले नाही.

जेवढ्या उपायांचा विचार केला त्यात एकच हाताशी होता. मी बाबाजीकाकांना फोन केला.

पुढच्या रविवारी ते गाडीने आले, सरूताई शेजारून आल्या. दोघे अवघडून सोफ्याच्या कडेला बसले. टीव्हीवर एक कृष्णधवल चित्रपट होता. नायक झाडामागून बाहेर आला. हा नायक आमच्या लहानपणीच गेला. त्याच्या नावाचा रस्ता आहे, रस्त्याला खड्डे पडून ते दोनदा बुजवले गेले आहेत.

स्वयंपाकघराच्या दारात हालचाल झाली. आई चौकटीला टेकून उभी होती.

"हा आहे का?" तिने विचारले.

बाबाजीकाकांनी माझ्याकडे पाहिले, मी सरूताईंकडे पाहिले. या घरात आत्ता तो शब्द कोण उच्चारणार?

"हाय ना वैनी," सरूताई म्हणाल्या. "हाय की. कुठं जातोय?"

"कुठे असतो?"

"मुलाकडं," बाबाजीकाका घाईने म्हणाले. "लोनावल्याला. गुडघ्याचं आपरेशन झालं मागं. आता बरा हाय."

"बरं झालं," आई म्हणाली आणि आत गेली.

कोणत्याही चांगल्या निर्णयाप्रमाणे हाही निर्णय एवढ्यावर थांबू शकला नाही. नायक आहे म्हटल्यावर नायिकेला गेलेली म्हणणे अन्यायाचे झाले असते, म्हणून तीही राहिली. ती राहिली म्हटल्यावर तिच्या आईने काय पाप केले होते? मंडळाने ठराव केला की या घरात, पुढील सूचना येईपर्यंत, कोणीही गेलेले नाही.

त्यानंतरच्या रविवारांत जे घडले ते वैद्यकशास्त्राला आजवर जमलेले नाही. वैशाख ते आषाढ या काळात आमच्या बैठकीच्या खोलीत किमान दोन पिढ्यांचे नट उठून बसले. ज्याचे विमान पडले होते, त्याचे चुकले होते. ज्याने दारूपायी देह ठेवला होता, त्याने ती सोडली होती आणि तो सकाळी फिरायला जात होता. एकमेकांचे तोंड न पाहता मेलेले दोन भाऊ पुन्हा बोलू लागले होते आणि एकाच इमारतीत, वरखाली राहत होते. सुरुवातीला नुसते 'आहे' म्हणून भागत असे, पण आई तपशील विचारायची, आणि तपशील तर द्यावेच लागतात. बाबाजीकाका रोह्याहून येताना गाडीत तयारी करून येऊ लागले. कोणाला नातू झाला, कोणाचे मोतीबिंदू काढले, कोणाचे सुनेशी पटत नाही, असे सगळे. सरूताईंना मृतांना मधुमेह देण्याची विशेष आवड निर्माण झाली. "साखर हाय, पन कंट्रोलमदी हाय," हे वाक्य त्यांनी इतक्या जणांविषयी म्हटले की जुन्या चित्रपटसृष्टीने गोड सोडले आहे असे माझे मत झाले.

(यात अभिजात चित्रपटांची संख्या शून्यावर आली. मंडळाने हा तोटा सोसला. माणुसकीपुढे कला दुय्यम आहे, असे बाबाजीकाका पाचवी भजी उचलताना म्हणाले.)

आई सगळे ऐकून घ्यायची. "हो का?" म्हणायची, "बरं आहे," म्हणायची, आणि आत जायची. निमिष रात्री विचारायचा, मी नाही म्हणायची.

आषाढातला तो रविवार कारखान्यांच्या धांदलीचा होता. सरूताई कोपरापर्यंत पिवळ्या होऊन आल्या होत्या. चित्रपट ऐतिहासिक होता, त्यामुळे माणसे पुष्कळ. राजा, प्रधान, सेनापती, दासी. आई दारात उभी राहून एकेकाची विचारपूस करत होती आणि मंडळ थकत चालले होते. राजा ठाण्याला होता. प्रधान मुलीकडे होता. राणीला साखर होती. मग लढाई सुरू झाली आणि राजाचा पांढरा घोडा एकटाच, खोगीर रिकामे, छावणीकडे दौडत आला.

"हा घोडा आहे का?" आईने विचारले.

घोड्यांविषयी बाबांचा निकाल स्पष्ट होता. पण ठरावात घोड्यांचा अपवाद केलेला नव्हता. सरूताईंनी बाबाजीकाकांकडे पाहिले. ते छताकडे बघत होते.

"हाय," सरूताई म्हणाल्या. "कर्जतला."

"काय करतो?"

"काय नाय. रिटायर झाला."

"चरायला जातो सकालचा," बाबाजीकाकांनी जोड दिली. "मानूस ठेवलाय त्याच्यासाठी."

"घोडासुद्धा आहे," आई म्हणाली.

तिच्या हातात घेवड्याच्या शेंगा होत्या. त्या तिने शांतपणे टीव्हीच्या टेबलावर ठेवल्या.

"राजा आहे. प्रधान आहे. तो दारुडा आहे, तो विमानातला आहे. एवढा घोडा आहे." तिचा आवाज चढला नाही. "सगळे आहेत. मग आमचेच तेवढे कसे गेले हो?"

टीव्हीवर तुतारी वाजत होती. ती कोणीतरी बंद करायला हवी होती, पण रिमोट कुठे आहे हे कोणालाच आठवेना.

मंडळाने गेले तीन महिने अत्यंत प्रेमाने, रविवारमागून रविवार, एवढेच साधले होते: साऱ्या जगात मेलेला माणूस एकच उरेल अशी व्यवस्था केली होती.

आधी उठले ते बाबाजीकाका. ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले आणि त्यांनी काचेवर बोट ठेवले.

"वैनी, ह्यो राजा गेला. तुमच्या लग्नाच्या आदी गेला."

आई बघत राहिली.

"ह्यो प्रधान गेला. सेनापती गेला. ही दासी, ही मागची दासी, ह्या सगळ्या गेल्या. तो भालेवाला..."

"तो बहुधा," सरूताई रडत म्हणाल्या.

"बहुधा कशाला? गेला तो पन. वैनी, ज्यांनी ह्यो काडला त्ये गेले, ज्यांनी थेटरात दाखवला त्ये गेले, थेटर पन गेलं. त्या जागी मोबाइलचं दुकान हाय. कोन नाय राहिला."

"लोणावळ्याचा?"

"कसला लोनावला, वैनी! त्याला जाऊन चालीस वर्सं झाली."

"आणि घोडा?"

"घोडा तर पयला गेला!" बाबाजीकाका कळवळून म्हणाले. "घोडा कसा राहील?"

आई हसली. मग टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसली. तिथे बसून तिने कधी चित्रपट पाहिला नव्हता. मग रडली. हसता हसता रडली की रडता रडता हसली, यावर मंडळात दोन मते आहेत, आणि निकाल द्यायला आता कोणी नाही. सरूताईंनी तिला जवळ घेतले. "गेले गो वैनी, सर गेले," त्या म्हणत होत्या, आणि आई मान हलवत होती, "हो गं, गेले. गेले ना." तिच्या पांढऱ्या पातळावर पिवळे पंजे उठले. ते धुऊन निघत नाहीत, गणपतीचा रंग पक्का असतो.

चित्रपट संपेपर्यंत तिने एकेकाविषयी विचारून घेतले. बाबाजीकाका काचेवर बोट ठेवून सांगत राहिले आणि एकही जण सुटला नाही. त्या रात्री निमिषचा फोन आला तेव्हा मी "हो" म्हटले.

निर्णयाधिकाऱ्याचे पद आता आईकडे आहे. तिची कार्यपद्धती बाबांपेक्षा वेगवान आहे. ती तारीख सांगत नाही, पुरावा मागत नाही, आणि 'बहुधा' हा वर्ग तिने बंद केला आहे. "गेला. पुढे." परवा तिने एका हयात नटालाही गेला म्हटले. कोणी दुरुस्ती सुचवली नाही. त्याला पुढेमागे जुळवून घ्यावे लागेल. दारात आता मी उभी असते, आणि घेवडा निवडता निवडता विचारते. उत्तरे मला बहुतेक माहीत असतात.

हे वाचून काही रसिकांना मंडळ थोडे निर्दय वाटेल. ते स्वतः जुन्या चित्रपटांकडे छायालेखन, संगीत, अभिनय अशा उच्च कारणांसाठी वळतात, हे मला ठाऊक आहे. त्यांना एवढेच आठवून पाहायला सांगते. मागे एकदा दुपारी टीव्हीवर जुना चित्रपट लागलेला असताना तुम्ही फोन हातात घेतलात आणि एका नटीचे नाव टाकलेत. नावापुढे जन्माचे वर्ष आले. दुसरे वर्ष नव्हते. तुम्हाला आनंद झाला, यात शंका नाही. पण त्याच्या आधी, अगदी क्षणभर, थोडी निराशा झाली होती. ती तुम्ही कोणाला सांगितली नाहीत. मंडळही सांगणार नाही.

त्याच क्षणी तुम्ही सभासद झालात. वर्गणी नाही, ओळखपत्र नाही. सभासदत्व सोडण्याचीही सोय आहे. फक्त त्याची घोषणा ज्याची त्याला करता येत नाही.